अंधारात बाहेर कोण पडतं? मुंबईच्या बिबट्यांचं प्रकरण

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर बिबट्या दिसला त्या रात्री ग्रुपवर पहिला मेसेज आला तो असा: ‘फॉरेस्टवाल्यांना सांगून पिंजरा लावा.’ सव्वा अकरा वाजले होते. वॉचमनने सीसीटीव्हीची क्लिप टाकली होती, चाळीस सेकंदांची. बिबट्या भिंतीवर चढून बसला, शेपटी खाली लोंबत होती. कचऱ्याच्या खोलीकडे त्याने थोडा वेळ एकटक बघितलं आणि आला तसा जंगलाच्या अंगाला उतरून गेला. बारा वाजेपर्यंत दीडशे मेसेज पडले. मुलांना खाली पाठवू नका. भिंत वाढवा, वर काचा लावा. फटाके आणून ठेवा. नगरसेवकांना फोन करा.

भिंतीपलीकडे लगेच जंगल सुरू होत नाही. मध्ये पंधरा-वीस घरांचा पाडा आहे. पत्र्याची छपरं, दोन नळ, आणि त्या वेळी एकही संडास नव्हता. आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या तिघीजणी तिथूनच येतात. बिबट्या भिंतीवरून उतरला तो त्या घरांच्या दिशेने. दीडशे मेसेजांत त्या घरांचा एकदाही उल्लेख नव्हता. त्यातले चार मेसेज माझे होते, त्यांतही नव्हता.

हे माझ्या लक्षात आलं दुसऱ्या दिवशी सकाळी, भांडी घासायला आलेल्या ताईंनी सहज विचारलं तेव्हा: “काल वाघ आला होता ना तुमच्याकडे? कॅमेऱ्यात दिसला तर आम्हाला का नाही सांगितलं? पोरगी पहाटे बाहेर गेली होती.”

त्या प्रश्नामुळे मी या विषयात शिरले. मुंबईच्या बिबट्यांबद्दल वाचलं, उद्यानाच्या लोकांबरोबर हिंडले, पाड्यांवर गेले. ‘माणूस आणि वन्यप्राणी एकत्र राहू शकतात’ याचं उदाहरण म्हणून हे प्रकरण आता जगभर सांगितलं जातं, आणि ते खरंही आहे. पण एकत्र राहण्याची किंमत कोण भरतं हा प्रश्न त्या कौतुकात बऱ्याचदा मागे पडतो. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

शहराच्या पोटातलं जंगल

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आमच्या तोंडी नुसतं नॅशनल पार्क. क्षेत्रफळ जवळपास 104 चौरस किलोमीटर. पूर्वेला ठाणे, मुलुंड, भांडुप. दक्षिणेला पवई आणि आरे. पश्चिमेला गोरेगावपासून दहिसरपर्यंतची सगळी उपनगरं. उत्तरेला घोडबंदर रस्ता आणि वसईची खाडी. आत कान्हेरीची लेणी आहेत, विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहारचं पाणी मुंबई 1860 पासून पिते आहे. एका चौरस किलोमीटरला वीस हजारांहून जास्त माणसं राहतात अशा शहराने या जंगलाला तीन बाजूंनी मिठी मारली आहे. काही ठिकाणी मिठी, काही ठिकाणी विळखा.

आरे हा उद्यानाचा भाग नाही, पण बिबट्याला ते माहीत नाही. 1949 साली दुग्धवसाहत म्हणून आरे उभं राहिलं. तिथे गोठे आहेत, कुरणं आहेत, शेजारी चित्रनगरी आहे आणि 27 आदिवासी पाडे आहेत. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशी ही मंडळी. दुग्धवसाहत यायच्या आधीपासून त्यांची शेतं आणि घरं इथे होती. त्यांच्या लेखी शहरच नंतर आलेलं आहे.

बिबटे किती? 2015 साली वन्यजीव अभ्यासक निकित सुर्वे यांनी उद्यान, आरे आणि आसपासच्या भागात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावून अंदाज काढला तो 35 चा होता. 2018 च्या मोजणीत 47 बिबटे ओळखले गेले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. त्यावरून एकेकाला क्रमांक देता येतो, त्याची आई कोण, भावंडं कोण हेही पुष्कळदा सांगता येतं. एवढ्या छोट्या जंगलात बिबट्यांची इतकी दाटी जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

ते खातात काय, हा पुढचा प्रश्न, आणि इथूनच प्रकरण जंगलाबाहेर पडतं. चितळ, सांबर, रानडुक्कर आहेतच. पण विष्ठेच्या तपासणीत कुत्र्यांचा वाटाही मोठा निघतो. 2018 साली एका शोधनिबंधात मांडणी झाली की इथले बिबटे वर्षाला दीडेक हजार भटके कुत्रे खात असावेत आणि त्यामुळे कुत्रा चावण्याचे हजारभर प्रसंग टळत असावेत. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण दिशा बरोबर आहे. बिबट्या वस्तीजवळ येतो तो कुत्र्यांसाठी, कुत्रे येतात कचऱ्यासाठी, आणि कचरा आपण टाकतो. आमच्या भिंतीवर बसून तो कचऱ्याच्या खोलीकडे का बघत होता, याचं उत्तर एवढं साधं होतं.

पिंजऱ्यांची वर्षं

2002 ते 2004 हा काळ ज्यांनी उद्यानाच्या कडेला काढला आहे त्यांना अजून आठवतो. एकामागून एक हल्ले झाले, माणसं मेली, त्यात लहान मुलं होती. संध्याकाळी सातनंतर वस्त्यांमध्ये सामसूम असायची. वर्तमानपत्रांत रोज ‘नरभक्षक’ हा शब्द होता. राजकीय दबाव, मोर्चे, आणि सगळ्यांची एकच मागणी, पिंजरा. पिंजरे लागले. दिसेल तो बिबट्या पकडला गेला.

तेव्हा कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही ते असं, की पकडलेला बिबट्या कुठेतरी सोडावा लागतो. आणि दुसरीकडे पकडलेले बिबटे या उद्यानात आणून सोडले गेले होते. ही गोष्ट समजायला मुंबईपासून दीडशे किलोमीटर दूर, पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला जावं लागतं.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि बिबटे उसात राहू लागले. तिथेच पिल्लं घालू लागले. माणसावर हल्ले पूर्वीही होते, 1993 ते 2001 या काळात वर्षाला सरासरी 4. मग बिबटे पकडून जंगलात नेऊन सोडायची मोहीम सुरू झाली. सरासरी चाळीसेक किलोमीटर दूर नेऊन सोडायचं, म्हणजे ते ‘आपल्या घरी’ जातील अशी समजूत. 2001 ते 2003 मध्ये हल्ल्यांची सरासरी वर्षाला 17 वर गेली. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाचा हिशोब मांडला आणि 2011 साली तो प्रसिद्ध केला. ज्या उपायाने हल्ले थांबायला हवे होते, त्याच उपायाबरोबर ते वाढले होते.

असं का होतं? बिबट्याची हद्द ठरलेली असते. कुठे पाणी आहे, कुठली वाट सुरक्षित, माणसं कधी घरात जातात, हे त्याला वर्षानुवर्षांच्या वावराने माहीत असतं. त्याला उचलून अनोळखी मुलखात टाकलं की तो भेदरलेला, कधी पिंजऱ्याच्या गजांवर दात मोडून घेतलेला, भुकेला असा परतीची वाट शोधू लागतो. तिकडे त्याची रिकामी झालेली हद्द कुणीतरी तरुण नर बळकावतो, ज्याला त्या गावच्या माणसांची सवय नसते. म्हणजे एका पिंजऱ्याने दोन ठिकाणचं बिघडतं.

परतीची वाट शोधतो म्हणजे काय, ते ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने दाखवलं. 2009 साली अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक म्हातारा नर विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. तो चालत सुटला. कसारा स्टेशनजवळून गेला, आग्रा रस्ता ओलांडला, वसईची खाडी पोहून पार केली आणि साधारण 120 किलोमीटर अंतर कापून मुंबईच्या नॅशनल पार्कात पोचला. वाटेत इतकी गावं लागली, त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. 2011 च्या डिसेंबरमध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर एका वाहनाने त्याला उडवलं. अंगात बसवलेल्या चिपवरून ओळख पटली.

विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यात जे काम केलं त्याचाही इथे उल्लेख हवा. ऊस, टोमॅटो, दाट लोकवस्ती, जवळपास जंगल असं नाही. तिथे कॅमेरे लावले तर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. माणसं त्यांच्याबरोबर राहत होती, जीव न जाता. बिबट्या वस्तीजवळ दिसला म्हणजे तो वाट चुकला, हा आपला समज तिथेच मोडला. ‘मानव-बिबट्या संघर्ष’ हा शब्द सरकारी कागदांत इतका रुळला आहे की बिबट्या नुसता दिसला तरी त्याची नोंद संघर्ष म्हणून होते. मला तो शब्द चुकीचा वाटतो. बहुतेक रात्री संघर्ष नसतोच, नुसती ये-जा असते.

2011: लोकांना बोलावलं तेव्हा

सुनील लिमये उद्यानाचे संचालक असताना 2011 साली ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्कसाठी मुंबईकर) हा उपक्रम सुरू झाला. वनखातं, विद्या अत्रेय यांच्यासारखे अभ्यासक, विद्यार्थी, उद्यानाच्या कडेला राहणारे स्वयंसेवक, पत्रकार आणि पोलीस यांना एकत्र बसवायचं, असं त्याचं स्वरूप. ऐकायला साधं वाटतं. पण वनखात्याने माहिती दाबून न ठेवता ती लोकांच्या हाती देणं, हीच तेव्हा मोठी गोष्ट होती.

पत्रकारांपासून सुरुवात करणं हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पिंजऱ्याची मागणी बातमीतून येत होती. बिबट्या दिसला की ‘घुसला’, ‘दहशत’, ‘धुमाकूळ’ हे शब्द ठरलेले. कार्यशाळांमधून पत्रकारांना सांगितलं गेलं की दिसणं आणि हल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सगळे बिबटे पकडून प्रश्न सुटत नाही, जुन्नरला काय झालं ते बघा. हळूहळू बातम्यांचा सूर बदलला. बातमीत ‘काय काळजी घ्याल’ अशी चौकट यायला लागली.

दुसरे पोलीस. बिबट्या एखाद्या इमारतीत किंवा शाळेत अडकला की जो गोंधळ होतो त्यात माणसं जखमी होतात ती बहुतेक गर्दीमुळे. शेकडो लोक मोबाइल घेऊन उभे, प्राण्याला पळायला वाट नाही, मग तो ज्याच्या अंगावरून जाता येईल त्याच्या अंगावरून जातो. म्हणून पोलिसांना शिकवलं गेलं की तुमचं काम बिबट्याचं नाही, माणसांचं. गर्दी मागे हटवा, वाट मोकळी ठेवा, बचाव पथक येईपर्यंत कुणाला पुढे जाऊ देऊ नका. याच 2011 साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानेही मार्गदर्शक सूचना काढल्या, बिबट्या नुसता दिसला म्हणून तो पकडायचा नाही हे त्यात आलं. तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेला प्राणी आहे, पिंजरा लावायला वरून परवानगी लागते.

तिसरी आम्ही, सोसायट्यांमधली माणसं. ‘बिबट्या दिसला तर काय करू?’ या प्रश्नाला स्वयंसेवक एकच उत्तर देत: काही करू नका, त्याला जाऊ द्या. कचरा उघडा ठेवू नका, मुलांना संध्याकाळी एकटं सोडू नका, झुडपं वाढू देऊ नका, वाटेवर दिवे लावा. हे ऐकून बरीच मंडळी नाराज व्हायची. त्यांना कुणीतरी येऊन बिबट्या घेऊन जायला हवा होता, आणि हे म्हणत होते की कचऱ्याच्या खोलीला दार बसवा. पण ज्यांनी बसवलं त्यांच्याकडे कुत्रे कमी झाले आणि बिबट्याचं येणंही कमी झालं. आमच्याकडे हे घडताना मी पाहिलं आहे.

एकशे दहा पावलं

उपक्रमाची पत्रकं घेऊन मी पहिल्यांदा पाड्यावर गेले ती ‘जनजागृती’ करायला. हा शब्द मी तेव्हा वापरायचे. रंगीत पत्रक, वर बिबट्याचं चित्र, खाली दहा सूचना. पहिल्याच घरात एक म्हातारी आजी निखाऱ्यावर बोंबील भाजत होती. मी वाचून दाखवायला लागले. रात्री एकट्याने बाहेर पडू नका. उघड्यावर शौचाला जाऊ नका. घराभोवती दिवे लावा.

ती ऐकत होती. मग म्हणाली, “बाई, हे सगळं आम्हाला कळतं. संडास कुठंय? लाइट कुठंय? ते सांगून ये तिकडं.”

मी पत्रक मिटलं. आजीच्या सुनेने मला त्यांची वाट दाखवली. दाराबाहेर पडलं की उजवीकडे करवंदीची जाळी, मग उतार, मग ओढा. पावसाळ्यात तो उतार निसरडा होतो म्हणून दगड रचलेले. पहाटे साडेचारच्या सुमाराला बायका दोघी-तिघी मिळून निघतात, कारण उजाडल्यावर पुरुषमाणसं वाटेवर असतात. हातात पाण्याचा डबा आणि एक बॅटरी. बॅटरीचे सेल महाग, म्हणून ती सतत पेटवत नाहीत, जाळीपाशी आलं की लावतात. डब्यावर चमचा वाजवत चालतात. मी ती वाट चालून बघितली. दारापासून ओढ्यापर्यंत एकशे दहा पावलं.

आता बिबट्याच्या बाजूने बघू. त्याची शिकार कमी उंचीची असते. ताठ उभा माणूस त्याच्या नजरेला शिकार म्हणून दिसत नाही. अंधारात उकिडवं बसलेलं माणूस, किंवा तीन वर्षांचं मूल, हे वेगळं दिसतं. उद्यानाच्या कडेला जे जीव गेले त्यांत लहान मुलं जास्त आहेत, ती वस्त्यांमधली आणि पाड्यांवरची आहेत, आणि वेळ बहुतेकदा तिन्हीसांजेची किंवा पहाटेची आहे. उंच इमारतीतल्या संडासात जाताना कुणाला बिबट्या भेटत नाही.

मग संडास का बांधत नाहीत? मी हा प्रश्न घेऊन चार कचेऱ्यांत गेले. जमीन एका खात्याची, वस्ती दुसऱ्याच्या यादीत, पाणी तिसऱ्याचं, आणि पक्कं बांधकाम करायचं म्हटलं की चौथ्याची हरकत. प्रत्येक टेबलावर माणसं सौजन्याने बोलली. प्रत्येकाने दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवलं. पिंजऱ्याची फाइल मात्र, आमच्यासारख्या सोसायटीने आवाज केला की, आठवड्यात हलते. हे मी रागाने लिहीत नाही आहे असं म्हणणार नाही. रागानेच लिहिते आहे.

या अडवणुकीला इतिहासही आहे. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप या संस्थेच्या 1995 सालच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. पात्र ठरलेल्यांनी पुनर्वसनासाठी सात-सात हजार रुपये भरले आणि त्यांतल्या बऱ्याच कुटुंबांना पुढे चांदिवलीच्या संघर्षनगरात घरं मिळाली, तीही वर्षानुवर्षं लढल्यावर. जंगल वाचायला हवं होतं, यात मला शंका नाही. त्या याचिकेमुळे ते वाचलंही. पण बाहेरून आलेली वस्ती आणि पिढ्यान् पिढ्या इथेच असलेला पाडा हा फरक कागदावर पुसट होत गेला. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचा हक्क मान्य केला, तरी पाड्यावरच्या माणसाला आजही नळाच्या एका जोडणीसाठी आपण ‘अतिक्रमण’ नाही हे सिद्ध करत फिरावं लागतं. ज्याच्या घरालाच मान्यता नाही त्याच्या दारात दिवा कोण लावणार?

आणि गंमत नाही, दुःख आहे ते असं, की बिबट्याबरोबर राहायची विद्या ज्यांच्याकडे आहे ती हीच माणसं. वारली लोकांचा वाघोबा हा देव आहे. वाघ आणि बिबट्या दोघांनाही ते वाघच म्हणतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, गुरांना आणि माणसांना सांभाळ म्हणून सांगणं करतात. पालघर, ठाणे, मुंबई या भागांत अभ्यासकांनी वाघोबाची दीडशेहून अधिक ठाणी नोंदवली आहेत. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, शेजारी चंद्र-सूर्य, शेंदूर. वाघोबा आहे म्हणून हल्ला होत नाही असं कुणी म्हणत नाही. हल्ला झाला तर आपलं काहीतरी राहून गेलं, देवाचं देणं चुकलं, असं मानतात आणि पुढे जातात. सूडाची भाषा नसते. ज्या आजीने मला पत्रक मिटायला लावलं, तिची शेळी दोन वर्षांपूर्वी बिबट्याने नेली होती. तिने नुकसानभरपाईचा अर्जही केला नव्हता. म्हणाली, त्याचंही पोट आहे.

या आस्थेचा आपण शहरातले लोक फार सोयीने वापर करतो. ‘बघा, आदिवासी किती समजूतदार’ असं म्हणायचं आणि संडासाचा विषय बाजूला ठेवायचा. आस्था असली म्हणून बॅटरीचे सेल फुकट मिळत नाहीत.

2021 आणि 2022

उपक्रम सुरू झाला म्हणून सगळं कायमचं ठीक झालं, असं नाही. 2017 साली आरे आणि चित्रनगरीच्या भागात मुलांवर हल्ले झाले. 2021 च्या सप्टेंबरमध्ये आरेत पुन्हा मालिका सुरू झाली. घराच्या ओट्यावर बसलेल्या एका बाईंनी हातातल्या काठीने बिबट्याला परतवलं, ती क्लिप सगळ्यांनी पाहिली. पण पडद्यामागे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. आधीच्या मोजण्यांमुळे आरेतल्या बिबट्यांचे फोटो आणि क्रमांक हाताशी होते. कॅमेऱ्यांवरून संशय सी-33 या मादीवर आला. पिंजऱ्यात पहिल्यांदा सापडली ती दुसरीच, सी-32. ठिपके जुळवून बघितले, ही ती नाही हे कळलं आणि तिला सोडून दिलं. नंतर सी-33 पकडली गेली. 2004 साल असतं तर सापडेल तो बिबट्या दोषी ठरला असता. या वेळी चौकशी करून एकच पकडला. माहिती, स्वयंसेवक आणि वनखातं यांची दहा वर्षांची मेहनत त्या एका निर्णयात होती.

तरीही 24 ऑक्टोबर 2022 ला, दिवाळीच्या पहाटे, आरेत दीड वर्षाच्या आतलं एक मूल गेलं. आई घराजवळच्या देवळात दिवा लावायला निघाली होती, मूल तिच्या नकळत मागोमाग आलं. पहाटेची वेळ, झाडी, अंधार. त्यानंतर पिंजरे लागले, बिबटे पकडले गेले. रात्रीची गस्त वाढली, झुडपं तोडली, दिवे आले. दिवे आधी यायला हवे होते.

आरेबद्दल लिहिताना तिथल्या मेट्रोच्या कारशेडविरुद्धचं आंदोलन टाळता येत नाही. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडं तोडायला सुरुवात झाली आणि 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. त्या रात्री रस्त्यावर उतरलेल्या मुलांबद्दल मला आदर आहे, पाड्यांवरचे लोकही त्यात पुढे होते. पण आंदोलनाच्या वेळी पाड्यावर आलेले कॅमेरे नंतर संडासाच्या अर्जासाठी आले नाहीत. झाडासाठी लढायला हजारो माणसं मिळतात. झाडाखाली राहणाऱ्या बाईच्या पहाटेसाठी तेवढी मिळत नाहीत, आणि बिबट्याचा जीव दोन्हींवर टिकून आहे. एक मूल गेलं की दहा वर्षांची सहनशीलता आठवड्यात आटते आणि पुन्हा पिंजऱ्याची मागणी येते.

आमच्या भिंतीपलीकडे

आमच्या सोसायटीत काय झालं ते थोडक्यात. वर्षभर मी सभांमध्ये हा विषय मांडत राहिले. कचऱ्याच्या खोलीला जाळीचं दार बसलं, ते लवकर मान्य झालं कारण त्यात आमचाच फायदा होता. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला पाड्याच्या वाटेवर दोन सौर दिवे लावायचा प्रस्ताव मात्र तीन सभा चालला. ‘आपल्या मेंटेनन्समधून त्यांचे दिवे का?’ असं एकाने विचारलं. त्यावर आमच्या तळमजल्यावरचे एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. ते म्हणाले, “आपल्या कचऱ्यावर येणारा बिबट्या त्यांच्या दारातून जातो. भाडं समजा.” प्रस्ताव मंजूर झाला. दिवे खाली तोंड करून लावले, जंगलात उजेड जाऊ नये म्हणून, आणि जागा पाड्यावरच्या बायकांनी ठरवल्या. एक त्यांनी करवंदीच्या जाळीपाशी मागितला, मला तो घरांजवळ हवा होता. त्यांचं बरोबर होतं.

संडासांना अजून दीड वर्ष लागलं. शेवटी दोन तयार खोल्यांचं फिरतं युनिट आलं, पाड्याच्या कडेला उभं राहिलं. पाड्यातल्या दोन मुली आता उद्यानाच्या स्वयंसेवकांबरोबर काम करतात. पत्रकाचा मजकूर त्यांनी बदलून घेतला, ‘उघड्यावर जाऊ नका’ हे वाक्य काढायला लावलं आणि त्या जागी संडास नसेल तर अर्ज कुठे करायचा ते छापलं. वॉचमनच्या फोनमध्ये पाड्यावरच्या तिघांचे नंबर आहेत.

गेल्या उन्हाळ्यात भिंतीवर पुन्हा बिबट्या दिसला, पहाटे तीनच्या सुमाराला. बहुधा तरुण मादी. ती भिंतीवरून चालत टोकापर्यंत गेली आणि उतरली. ग्रुपवर पहिला मेसेज होता: ‘पलीकडे कळवलं का?’ वॉचमनने लिहिलं, ‘हो, आधीच.’

युनिटला पाण्याची जोडणी अजून मिळालेली नाही. अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेला आहे. बायका नळावरून बादली भरून नेतात. आजीच्या दारापासून आता अठरा पावलं.